चोवीस भाषांचा बोर्ड

नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, कर्नाटक का?
फॉर्मवर तसंच आहे. मी हो म्हणते.
तो सौजन्याने इंग्रजीवर येतो.
मी मराठीत उत्तर देते,
आणि तो माझ्या मराठीकडे बघतो
चपलेला लागलेल्या मातीकडे बघावं तसा.

युरोपीय एकीकरण. उन्हाळी वर्ग, तीन आठवडे,
गणेशखिंड रस्ता, दुसरा मजला.
पंखा लावला की पॅरिसचा करार उडतो,
बंद केला की प्राध्यापक घामाने भिजतात.
एकीकरण हा शब्द मला कुणी समजावायला नको.
आमच्या गल्लीत तो भिंतीवर होता,
गेरूने लिहिलेला, दर निवडणुकीत नवा,
बाबांच्याच हातचा.

बाबा पेंटर. निपाणीच्या पुढे चार गावं
सगळे बोर्ड त्यांचे.
कन्नड वर, मोठं. मराठी खाली, जागा उरली तर.
त्यांना कन्नड नीट वाचता येत नाही,
काढता येतं.
अक्षराच्या डोक्यावरचा तो तुरा असा वळवतात
की तालुक्याचा साहेब म्हणाला, भाषा यावी तर अशी.
एक नोव्हेंबरला ब्रश रॉकेलात बुडवून ठेवतात
आणि दिवसभर बोलत नाहीत,
कुठल्याच भाषेत.

कोळसा आणि पोलाद, प्रा. वेरहूफ सांगतात,
ज्याच्या तोफा होतात ते आधी सामाईक केलं.
मी समासात लिहिते : आमच्यात सामाईक काय?
तंबाखू. वेदगंगेचं पाणी. उधारी.
मग खोडते, कारण शेजारची मुक्ता चिरमुले डोकावते.

मुक्ता चांगली आहे. डबा अर्धा देते.
फक्त मी 'जेवलो' म्हटलं की तिला हसू फुटतं.
बाई असून जेवलो?
आमच्याकडं बायका जेवलो म्हणतात, आलो म्हणतात,
दमलो म्हणतात.
ज्या मराठीसाठी काका दोनदा आत जाऊन आले
तिला पुण्यात अजून बाहेरच्या ओट्यावर बसवतात.

मतेया गोरित्साची. तिच्या गावात
स्टेशनसमोरच्या चौकातून कुंपण जायचं.
आता तिथे जमिनीत एक गोल पत्रा आहे,
लोक दोन देशांत दोन पाय ठेवून फोटो काढतात.
आणि तुझी आई? मी विचारलं.
आई तिथे पोचली की अजून पर्स चाचपते, म्हणाली.
कॅन्टीनचं ताक संपवून, ओठ पुसत, पुढे :
साथीत ते कुंपण परत आलं होतं. एका रात्रीत.
खांब कुणी कुठे जपून ठेवले होते, कोण जाणे.

शेवटच्या शुक्रवारी लुटुपुटीची परिषद.
मला लक्झेंबर्ग मिळालं. पाटीवर अक्षरांची दाटी,
शेवटचा 'र्ग' कडेवरून पडायला आलेला.
बाबांनी पोराला ब्रशनेच हाणलं असतं.
ठराव : यापुढे कामकाज तीनच भाषांत. खर्च वाचतो.
सव्वीस हात वर गेले.
प्रा. वेरहूफ म्हणाले, इथे एकमत लागतं.
माझा हात मांडीवर होता.
तो तिथेच राहिला.
एवढ्याशा हाताने अख्खा युरोप अडला,
समोसे आले, झाकून ठेवले गेले,
आणि जर्मनी झालेली मुक्ता कळवळून म्हणाली,
अगं, चहा गार होतोय.
मी म्हणालो, होऊ दे.
कुणी हसलं नाही.

रात्री वसतिगृहाच्या जिन्यातून फोन लावला.
चोवीस भाषा आहेत बाबा. चोवीसही अधिकृत.
कुठलीच वर नाही, कुठलीच खाली नाही.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त डब्यात ब्रश ढवळल्याचा आवाज.
मग म्हणाले, व्हय?
आणि बोर्ड केवढा लागत असंल गं त्येला?
माहीत नाही, बाबा.
विचारून ये की.
फुटावर पैसे देत्यात का अक्षरावर, त्येबी विचार.